मगदूमांचं हातवळण

जिनदत्त मगदूमांच्या फोनच्या कॅमेऱ्यावर त्यांच्या बायकोची टिकली चिकटवलेली असे. मरून, मध्यम आकाराची. ती सुटली, की पद्मावतीबाई आरशाच्या कोपऱ्यातली दुसरी काढून लावत. मिरजेच्या त्या गल्लीतले टवाळ म्हणत, मगदूम साहेबांच्या घरात कुंकवाचा मान दोघींना. एक वहिनींना आणि एक फोनला.

मगदूमांना त्या टवाळीचं काही वाटत नसे. माणूस जन्माने संशयी असावा आणि नोकरीही संशयाचीच मिळावी, असा योग थोड्यांच्याच नशिबी येतो. वीजचोरी पकडणाऱ्या भरारी पथकात त्यांची हयात गेली. तेव्हाच्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची एक चकती फिरायची. मीटरच्या अंगाला लोहचुंबक लावला की ती जडावायची. पथकातले बाकीचे लोक चुंबक शोधत कपाटं उचकत, मगदूम नुसते चकतीसमोर उभे राहत, ती कुठे अडखळते ते बघत आणि घरमालकाला म्हणत, "कुठे लपवलाय तो तुम्हीच काढा, मला वाकायला लावू नका." दुसरा एक गुन्हा त्यांच्या याहून आवडीचा होता. मीटर एकाच्या नावावर आणि वीज ओढतोय दुसराच. असा माणूस कितीही मोठा असो, मगदूम त्याला पंचांसमोर मान खाली घालायला लावत.

निवृत्तीनंतर पकडायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी आपला संशय फोनच्या कंपन्यांकडे वळवला. आणि खरं सांगायचं तर तिथे त्यांना आयुष्यभर पुरेल इतकं काम होतं. टॉर्च लावायच्या ॲपला यांच्या नातेवाइकांचे नंबर कशाला हवे होते? रेसिपी दाखवणाऱ्याला यांचा रक्तगट कशाला हवा होता? नकाराचं बटण नेहमी राखाडी आणि होकाराचं हिरवंगार का?

"आपलं बोट त्याला लागलं, की आपण त्यांचे झालो," मगदूम सांगत.

म्हणून त्यांनी नियम केला होता. फोन, बँक, गॅस, पेन्शन, स्कूटर, सगळं जिनदत्त मगदूम या नावावर. बोटं मात्र पद्मावतीबाईंची. स्वतः ते फोनला हात लावत नसत आणि पद्मावतीबाईंच्या नावाने एकही खातं काढू देत नसत. "त्यांच्याकडे नाव माझं आणि सवयी तुझ्या. काय कळणार त्यांना? घंटा!" असं म्हणून ते खूश होत. सगळी दुनिया लुटली जात असताना आपण एकट्यानेच लुटारूंना बनवलं, याचा आनंद त्यांना सकाळच्या चहाइतका नियमित मिळे. गल्लीतल्या निम्म्या घरांत बायकाच नवऱ्यांचे फोन चालवत, पण ते आळसापोटी. मगदूमांकडे ते तत्त्व होतं.

तशात 'निश्चिंत' नावाच्या कंपनीचं हातवळण आलं.

नकली आवाज आणि नकली चेहरे तोवर इतके स्वस्त झाले होते, की कोणाच्याही आईच्या आवाजात कोणीही पैसे मागू लागलं होतं. पासवर्ड फुटत, ओटीपी वाटेतच पळवले जात, अंगठ्याचे ठसे फोटोवरून उचलले जात. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की माणसाचं रूप चोरता येतं, पण त्याची लकब चोरणं अवघड. एक अक्षर दाबून बोट किती वेळ टेकतं, 'क'वरून 'र'वर जायला किती वेळ घेतं, चूक झाली की लगेच खोडतं की पुढे जाऊन परत येतं, फोन किती कलता धरला जातो. या शेकडो बारकाव्यांची मिळून प्रत्येकाची एक लय होते. आजी पदार्थाचा घास घेऊनच सांगते ना, ही चकली धाकटीच्या हातची, तसंच. त्याला कंपनीने नाव दिलं हातवळण. काही लक्षात ठेवायला नको, काही टाइप करायला नको. तुम्ही फोन हातात घेतला, की त्याला कळतं हे तुम्ही.

नोंदणीच्या वेळी कंपनीने सांगितलं, आठवडाभर नेहमीसारखा फोन वापरा. पद्मावतीबाईंनी वापरला. "अभिनंदन, जिनदत्तजी!" फोन म्हणाला. "आम्ही आता आपल्याला ओळखतो." मगदूम इतके हसले, की त्यांना ठसका लागला. त्यानंतर बँक हातवळणावर उघडू लागली, स्कूटर हातवळणावर सुरू होऊ लागली. गल्लीतून बाहेर पडण्याआधी पद्मावतीबाई फोनवर बोट टेकवत आणि मग मागे बसत. पेन्शनरांचा हयातीचा दाखलाही त्यावरच निघू लागला. म्हणजे जिनदत्त मगदूम हयात आहेत, हे गेली कित्येक वर्षं सरकारला पद्मावतीबाईंची बोटं कळवत होती.

तो निरोप आला तेव्हा पद्मावतीबाई कोथिंबीर निवडत होत्या.

"अहो, निश्चिंतचं काहीतरी आलंय."

"नव्या अटी असतील. मान्य म्हण आणि सोड."

"अटी नाहीत." त्यांनी चष्मा लावला. "प्रिय जिनदत्तजी, गेल्या वर्षभरात आपल्या बोटांच्या लयीत बदल आढळला आहे. हा बदल कंपवाताच्या अगदी सुरुवातीच्या लक्षणांशी जुळतो. कृपया डॉक्टरांना भेटा. आपण दिलेल्या संमतीनुसार विमा कंपनी आणि वाहन परवाना विभागाला…" पुढचं वाचताना त्यांचा आवाज खाली गेला.

"कोणी दिली संमती?"

"तुम्हीच. म्हणजे मी. मागे ते हिरवं बटण होतं ना."

मगदूमांनी काय करावं? ते आनंदले. त्यांनी पद्मावतीबाईंचा शिवणाचा डबा ओढला, सुई उजेडात धरली आणि पहिल्या झटक्यात दोरा ओवला. "बघ! कंपवात म्हणे! अगं, म्हाताऱ्यांना सरसकट पाठवत असतील ही नोटीस. आमच्याकडे पण छापील नोटिसा असायच्या, नाव तेवढं बदलायचं. विम्याचा हप्ता वाढवायचा धंदा आहे सगळा."

"ओवलाच आहे दोरा तर शर्टाचं ते बटण पण लावून टाका," पद्मावतीबाई म्हणाल्या. "किती दिवस पडलंय."

बटण मगदूमांनी लावलं. पडून का राहिलं होतं, ते विचारलं नाही. नोटिशीमागचा हेतू काय असेल, याच्या सात शक्यता त्यांच्या डोक्यात फिरत होत्या. त्यात ती खरी असण्याची शक्यता मात्र नव्हती. चोर कधीतरी खरंही बोलत असेल, हे त्यांच्या खात्याने त्यांना शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन परतताना स्कूटर सुरू होईना. "आपल्या सुरक्षिततेसाठी आपला परवाना तात्पुरता थांबवला आहे," ती बाजारपेठेच्या तोंडावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. भाजीवाली म्हणाली, "काय झालं ओ साहेब?" आणि मगदूमांना आयुष्यात पहिल्यांदा पंचांसमोर उभं राहिल्यासारखं वाटलं.

तक्रार करायची तर फोनवर माणूस मिळेना. एक गोड आवाज दर खेपेला पहिल्यापासून सुरू करी. आपण यंत्र नसल्याचं सिद्ध करण्यासाठी चित्रातल्या म्हशी ओळखायच्या होत्या.

"रेडकू धरायचं का म्हशीत?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

"धर. नको, नको धरू. त्यांना काय कळतंय रेडकातलं!"

चौथ्या दिवशी खरा माणूस लागला. त्याने नाव सांगितलं, आणि ते खरं नसणार असं मगदूमांनी मनात टिपून ठेवलं.

"सर, हातवळण चुकत नाही. आपण फोन स्वतःच वापरता ना?"

दुसऱ्याच्या हातवळणावर खातं चालवणं हा गुन्हा होता. सगळं गोठवत, पेन्शनसकट. "मग काय शेजारी वापरतो?" मगदूम म्हणाले.

"तर मग डॉक्टरांचा दाखला आणा, सर. दाखल्यात काही नसेल तर नोंद चुकीची ठरेल आणि आम्ही ती मुळापासून पुसून टाकू."

"पुसाच. पार पहिल्या दिवसापासूनची."

पद्मावतीबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला. थंडी नव्हती.

पुण्याहून मुलीचा, त्रिशलाचा फोन आला. तिला सातवा महिना होता, पहिलं बाळंतपण, पुढच्या महिन्यात माहेरी यायची होती. "आप्पा, भांडत बसू नका, आधी तपासून घ्या," ती म्हणाली.

"तू पण त्यांच्याच बाजूची. तुझ्या फोनमध्ये किती जण बसलेत, माहीत आहे का तुला?"

"असू देत. आई कशी आहे?"

"तिला काय धाड भरलीये? दूध लावून विसरते आणि जळल्याचा वासही येत नाही म्हणते. लक्ष नसतं, दुसरं काय!"

मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नाझनीन मुजावरांनी मगदूमांना चालायला लावलं, वळायला लावलं, अंगठ्यावर तर्जनी टकटक आपटायला लावली, कागदावर गोल गोल चक्री काढायला लावली. मगदूमांनी ती टपाली शिक्क्यासारखी ठसठशीत काढली.

"काका, बोटं तबलजीची आहेत तुमची," डॉक्टर हसल्या. "संशयावर औषध नाही माझ्याकडे, पण कंपवात मुळीच नाही. मला मात्र नवल वाटतंय. हे हातवळण सहसा फसत नाही. मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं झिजत असतात. हात थरथरायला लागतो तेव्हा अर्ध्याहून जास्त गेलेल्या असतात. बोटांची लय मात्र त्याच्या कितीतरी आधी बिघडते. इतकी थोडी, की घरच्यांना दिसत नाही. वासही तेव्हापासूनच कळेनासा होतो. आता झीज रोखणारी गोळी आलीये. पण ती किती द्यायची हे झीज कोणत्या वेगाने चाललीये त्यावर ठरतं. जुनी नोंद असली तर आजच सुरू करता येते."

"आणि नोंद नसली तर?" हे पद्मावतीबाईंनी विचारलं. मगदूम दाखला नीट वाचण्यात गढले होते.

"मग वर्षभर नुसतं बघत बसायचं, काकू. आणि तेच वर्ष हातचं जातं."

दाखला पाठवला. निश्चिंतने दिलगिरी कळवली, मगदूमांनी ती दोनदा मोठ्याने वाचून घेतली. स्कूटर सुरू झाली. पुढच्या आठवड्यात फोनवर एक लाल चौकट आली: जिनदत्त मगदूम यांची हातवळणाची संपूर्ण नोंद कायमची पुसायची आहे. पुष्टी करा.

मगदूमांनी हात पुसले, शर्टाची बाही वर केली. "दे इकडे. सगळं तू केलंस, हे मात्र मी दाबणार."

"अहो, राहू द्या, मी…"

"दे गं."

त्यांनी फोन घेतला आणि विजयी मुद्रेने तर्जनी टेकवली. फोन थरारला. "हा हात अनोळखी आहे. आपण जिनदत्त मगदूम नाही. कृपया फोन मालकाला परत करा."

"मी मगदूम नाही? मग कोण आहे मगदूम?"

पद्मावतीबाईंनी हसू दाबत फोन काढून घेतला. तो तळहातावर येताच चौकट पुन्हा उजळली. "नमस्कार, जिनदत्तजी."

"बघा," त्या म्हणाल्या, "हा बघा मगदूम." आणि त्यांनी बोट बटणाकडे नेलं.

मगदूम अगदी जवळ वाकले होते. हा क्षण त्यांना डोळे भरून बघायचा होता. म्हणूनच त्यांना ते दिसलं. बोट निघालं, मध्येच जडावलं, अडकल्यासारखं थांबलं आणि मग उशिरा पुढे सरकलं. असलं अडखळणं त्यांनी टॉर्चच्या उजेडात हजार वेळा पाहिलं होतं. ही चकती होती. तिच्या अंगाला कुठेतरी चुंबक लागला होता.

त्यांनी तिचं मनगट धरलं.

"सोडा ओ. दाबते ना."

"हात दाखव."

"काय दाखवू? हातच आहे."

"पद्मा. कधीपासून?"

पद्मावतीबाईंनी फोन मांडीवर पालथा ठेवला. बाहेर कोणीतरी कुकरची रिंग दुरुस्त करून देणाऱ्याला हाक मारत होतं. "मागच्या दिवाळीत चकलीचा सोऱ्या फिरेना," त्या म्हणाल्या. "वाटलं, पीठ घट्ट झालं. मग रांगोळी बारीक यायला लागली. तुम्ही म्हणालात, रांगोळीत पण काटकसर करतेस काय. नोटीस वाचली तेव्हा कळलं."

"आणि बोलली नाहीस? मी त्या डॉक्टरसमोर नाचतोय, आणि तू बाजूला…"

"छान नाचलात," त्या म्हणाल्या. "अहो, माझ्या नावावर ते लागलं, की पहिलं त्रिशलाला कळणार. मग आई, तू बस. आई, तू बाळाला घेऊ नकोस. अंघोळीला बाई लावू. पोरगी बाळंतपणाला माहेरी येणार आणि मी कोपऱ्यात बसून बघणार? पुसलं असतं म्हणजे संपलं असतं. निदान बाळ मोठं होईपर्यंत."

ज्यासाठी त्यांनी उभ्या जिल्ह्याला माना खाली घालायला लावल्या, तोच गुन्हा त्यांच्या घरात एवढी वर्षं चालू होता, आणि तोही त्यांच्याच हुकमाने. मीटर त्यांच्या नावावर. वीज तिची. आता बिघाड निघाला, तर तोही त्यांच्या नावावर निघाला आणि त्यांनी ढोल बजावत तो खोटा ठरवला.

"ही नोंद ठेवायची तर ती तुझी आहे असं सांगावं लागेल," ते म्हणाले. "माझं सगळं बंद होईल. होऊ दे. पण त्यांच्याकडे तुझं नाव जाईल. ते लोक काय आहेत ते मी तुला सांगायला नको. नाही सांगितलं तर गोळीला वर्षभर थांबायचं." एवढं बोलून ते जन्मात न विचारलेलं विचारून बसले. "तू सांग. काय करायचं?"

पद्मावतीबाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं, जणू हा हात कोणाचा हे त्यांनाही ओळखायचं होतं.

"बाळ धरायचंय मला," त्या म्हणाल्या. "आत्ताही आणि ते शाळेत जाईल तेव्हाही. चला. पण त्रिशलाला मी सांगणार. माझ्या तोंडाने. त्या यंत्राने नाही."

निश्चिंतच्या केंद्रात काचेमागे एक तरुण मुलगी होती. मगदूम तिच्यासमोर उभे राहिले आणि जे वाक्य त्यांनी आजवर फक्त ऐकलं होतं, ते म्हणाले. "बाई, खातं माझ्या नावावर आहे. वापर माझा नाही. यांचा आहे."

मुलीने दोघांकडे पाहिलं. मग आवाज खाली आणत म्हणाली, "काका, अर्धं मिरज तसंच आहे ओ. कबूल करायला पहिले तुम्हीच आलात."

मगदूमांचं सगळं तिथल्या तिथे गोठलं. पेन्शन, बँक, स्कूटर. हयातीचा दाखलाही रद्द झाला. पद्मावतीबाईंचं खातं उघडलं. पडद्यावर अक्षरं उमटली: पद्मावती मगदूम, आपलं स्वागत आहे. आपल्याबद्दल आमच्याकडे अद्याप कोणतीही माहिती नाही.

"खरं आहे," पद्मावतीबाई म्हणाल्या.

मग जिनदत्तजींची सगळी वर्षं एक एक करून पद्मावतीबाईंच्या नावावर चढली. 'कुटुंबीयांना कळवावे का?' या प्रश्नापुढे राखाडी रंगात 'नाही' होतं. मगदूमांनी ते शोधून दाखवलं आणि ते दाबलं गेलं की नाही, हे त्या मुलीकडून तिसऱ्यांदा वदवून घेतलं. संध्याकाळी डॉ. मुजावरांनी नोंद पाहिली आणि गोळी लिहून दिली. "काका," त्या एवढंच म्हणाल्या, "त्या दिवशी मी चुकीच्या माणसाला चालायला लावलं."

दोघं रिक्षाने घरी आली. पद्मावतीबाई चपला काढत होत्या तोच त्रिशलाचा फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"आई, काय कटकट आहे बघ ना. तासाभरापासून फोनवर एकच जाहिरात येतेय. आपोआप झुलणारा पाळणा. वर लिहिलंय, आता आजीला बाळ उचलायची गरज नाही. मी असलं काही शोधलंही नव्हतं गं. तुम्ही शोधलंत का?"

मगदूमांनी पद्मावतीबाईंकडे पाहिलं. निश्चिंतने शब्द पाळला होता. कोणालाही काही कळवलं नव्हतं. फक्त एक पाळणा दाखवला होता.

"दे तो फोन इकडे, फेकून देतो," मगदूम पुटपुटले. त्यांनी टिकलीकडे बघितलं. ती इमानाने जागेवर होती, आणि एवढी वर्षं तिने एका आंधळ्या डोळ्यावर पहारा केला होता.

"थांबा," पद्मावतीबाई म्हणाल्या. "गोळीची वेळ त्याच्यातच घातलीये." त्या खुर्चीत बसल्या. "त्रिशू, पाळणा राहू दे. तू जरा बस. बसलीस? मला तुला एक सांगायचंय."

त्या सांगू लागल्या. सोऱ्या, रांगोळी, जळलेलं दूध. पलीकडून आधी 'काय?' आलं, मग नाक ओढल्याचा आवाज आला. "मी येतेच," त्रिशला म्हणाली. "पुढच्या महिन्यात नाही, रविवारी येते. आणि आई, बाळाला सगळ्यांत आधी तूच घ्यायचं. खाली बसून घे, उशी घेऊन घे, पण तूच घे."

पद्मावतीबाईंच्या हातातला फोन हलायला लागला. कंपवाताने की कशाने, ते त्या घरात कोणालाच सांगता आलं नसतं. मगदूम पुढे झाले आणि त्यांनी खालून आपला हात लावला, फोनला आणि तिच्या बोटांना एकदमच.

पडद्यावर पिवळी पट्टी आली. हातवळण जुळत नाही. हा फोन सध्या कोणाच्या हातात आहे?

मगदूमांनी चष्मा वर करून ते वाचलं, आणि हात काढला नाही.